बटण कुणाच्या हातात

सोमवार, ५ फेब्रुवारी

आजपासून मी संशोधक. कालपर्यंत मी ताईच्या घरातली पाहुणी होते, आणि त्याआधी पंधरा वर्षं एका साबणाच्या कंपनीत बायकांना "फेस कसा वाटला?" हे विचारायचं काम करत होते. ताईचं म्हणणं असं की माणसांना विचारायचंच आहे, तर फेसाबद्दल काय आणि मनाबद्दल काय. काल जेवताना ती हे म्हणाली तेव्हा गंमत वाटली. आज तिच्या समुपदेशन केंद्रात जाऊन बसले तेव्हा गंमत संपली.

केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या, पाण्याचं यंत्र आणि एक कुंडी, जिच्यात येणारा प्रत्येकजण उरलेलं पाणी ओततो, त्यामुळे तिची तब्येत ताईच्या सगळ्या क्लायंटांपेक्षा नाजूक आहे. आतल्या खोलीत ताई, आणि समोर ज्याचं काही बिनसलंय तो. आतलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, दाराला आतून स्पंज ठोकून दिलाय. भावोजी नळाच्या तोट्या विकतात. गळती कुठलीही असो, त्यांना सहन होत नाही.

काम असं: ताईकडे येणाऱ्यांना तिच्या समुपदेशनाबद्दल खरोखर काय वाटतं ते शोधायचं. सहा वर्षं ती हे करतेय, आणि हल्ली तिच्या मनानं घेतलंय की तिच्यामुळे कुणाचं काही होत नाही. लोक येतात, बसतात, "बरं वाटलं" म्हणतात आणि जातात. खोल्यांचा करार मार्चअखेर संपतोय. तोवर खात्री पटली नाही तर खोल्या सोडून द्यायच्या असं तिनं ठरवलंय. ताईनं मनात ठरवलं आणि मग आपल्याला सांगितलं म्हणजे ते ठरलेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"मला आता 'छान' या शब्दाचा भरवसाच वाटत नाही," ती म्हणाली. "रोज ऐकते. विचारलं की छान. त्याच्या पुढे दार बंद." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती, कारण समोर मीच होते.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्या प्रश्नावलीपुढे भलेभले साबण उघडे पडलेत. मग तिनं विचारलं, घराचं रंगकाम कुठवर आलं. मी म्हटलं, छान चाललंय.

(माझ्या घराचं रंगकाम निघालंय म्हणून मी चार दिवस ताईकडे राहायला आले आहे. ऑगस्टपासून.)

बुधवार, ७ फेब्रुवारी

प्रश्नावली तयार. बारा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ताईला पाचवा चेहरा जरा वेडसर वाटला. मी म्हटलं, हा चेहरा आम्ही खपवलेल्या प्रत्येक साबणाच्या प्रश्नावलीवर झळकलाय, त्याचा अनुभव दांडगा आहे.

पहिला नंबर निवृत्त मुख्याध्यापकांचा. निवृत्तीनंतर घरात कुणी ऐकेनासं झालं म्हणून ते ताईकडे येतात. त्यांनी सगळीकडे पाचवा चेहरा निवडला आणि मग लाल पेन काढून माझ्या प्रश्नावलीला गुण दिले. दहापैकी साडेसहा. चौथा आणि नववा प्रश्न एकच आहे म्हणे, फक्त टोपी बदललीय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

निकाल लागला. सगळे पाचपैकी पाच. फक्त एका माणसानं एके ठिकाणी चार दिले होते. तो दुसऱ्या दिवशी जिना चढून परत आला, आपल्याला झोप लागली नाही म्हणाला आणि चाराचे पाच करून गेला.

मी धावत ताईला दाखवायला गेले. एवढे गुण एखाद्या साबणाला पडले असते तर कंपनीनं आम्हाला सहलीला नेलं असतं. ताईनं कागद बघितले आणि तिचं तोंड उतरलं. "बघ," ती म्हणाली, "एकजणही खरं बोलत नाही." मग माझ्याही टाळक्यात उजेड पडला. साबण कधी दारामागे बसून वाट बघत नसतो. ताई बसलेली असते, आणि लोकांना ती आवडते. आवडत्या माणसाच्या तोंडावर कोण तीन गुण देणार?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दोन दिवस वाचनात डोकं घातलं आणि एक पद्धत सापडली. क्लायंटच्या परवानगीनं ताईबरोबरचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं. मग एक-दोन दिवसांत तो क्लायंट माझ्यासोबत बसून ते ऐकतो. जिथे मनात काहीतरी आलं होतं पण तो बोलला नव्हता, तिथे थांबवायचं. मी फक्त एवढंच विचारायचं: "इथे मनात काय आलं होतं?" सल्ला द्यायचा नाही, "का" विचारायचं नाही, चेहरे तर नाहीतच. कोण काय बोललं हे त्याच्या परवानगीशिवाय ताईला कळणार नाही, आणि काम झालं की सगळं पुसून टाकायचं. ताईला हे एकदम पटलं.

रेकॉर्डर आणला. साबणाच्या वडीएवढाच आहे, त्यामुळे हाताला ओळखीचा वाटला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता चाचणी घेतली. ताईला म्हटलं, काहीही बोल. ती काहीही बोलली. नंतर सुरुवातीचं थोडंसं ऐकून बघितलं. माझा आवाज बदकासारखा येतो, हे कुणी आजवर सांगितलं कसं नाही? त्या फितीला "चाचणी" नाव देऊन ठेवून दिलं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पद्धत सपशेल आपटली.

मी रेकॉर्डर मांडीवर घेऊन, बटणावर बोट ठेवून बसते आणि सांगते, "कुठे थांबवावंसं वाटलं तर फक्त म्हणा, मी थांबवते." कुणी म्हणत नाही. मुख्याध्यापक स्वतःचं बोलणं ऐकताना मान डोलवत टिपणं काढत होते. फुलांच्या दुकानाची मालकीण, तिला मी फुलवाली म्हणते, आईशी तिचं कितीतरी वर्षं पटत नाही, तिनं अख्खा तास बातम्या ऐकाव्यात तसा ऐकला. मध्ये एकदा तिचे ओठ हलले. मी म्हटलं, थांबवू? तर म्हणाली, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास."

घरी आल्यावर भावोजींनी विचारलं, कोणता रंग लावताय. मी म्हटलं, पांढरा. ते म्हणाले, पांढऱ्याला इतके दिवस लागत नाहीत. मी म्हटलं, तीन हात द्यायचेत.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आज जे झालं ते माझ्या हुशारीनं झालं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण हा कागद दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहिते.

फुलवालीसोबत दुसरी फीत ऐकत होते. बाहेरच्या खोलीतला फोन वाजायला लागला आणि थांबेचना. मी रेकॉर्डर तिच्यापुढे टेबलावर ठेवून बाहेर गेले. चुकीचा नंबर होता. परत आले तर फीत थांबलेली आणि फुलवाली हात मांडीखाली घालून बसलेली. "चुकून लागलं," म्हणाली. मी ठरलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, इथे मी बाईंना (म्हणजे ताईला) म्हटलं ना, की आईला मी माफ केलं. तेव्हा मनात आलं होतं की हे ऐकून बाईंना किती बरं वाटेल.

"आणि आईला?"

"आईला कुठलं माफ करतेय मी. पण बाई सहा महिने कष्ट घेतायत हो."

'का' विचारायचं नाही हा नियम आहे, म्हणून जीभ चावून बसले. रेकॉर्डर तिच्याकडेच राहू दिला. त्यानंतर तिनं इतक्या वेळा थांबवलं की अर्धा तास ऐकायला आम्हाला दोन तास लागले.

तर असं आहे. बटण माझ्या हातात होतं तोवर थांबवण्यासाठी माझी परवानगी लागत होती. परवानगी मागायची म्हणजे आधी कबूल करायचं की काहीतरी दडवलंय. बटण ज्याचं त्याच्या हातात दिलं की बोट आधी जातं, विचार मागून येतो. साबणाच्या कंपनीत पंधरा वर्षं बटण आमच्याच हातात होतं. आम्ही काय काय छापून आणलंय ते आठवून मला घाम फुटला.

शुक्रवार, १ मार्च

आता सगळे थांबवतात. मुख्याध्यापकांनी फीत थांबवली ती ताई हसली तिथे. ते म्हणाले, हा विनोद मी घरून तयार करून आणला होता. दिवसाची शेवटची वेळ माझी असते, बाई दमलेल्या असतात, म्हटलं त्यांना जरा हसवावं. पुढे एका शांत जागेवर थांबवून म्हणाले, इथे मी मुलाबद्दल खरं सांगणार होतो. पण बाई घड्याळाकडे बघतील असं वाटलं. "बघितलं का त्यांनी?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, "पण बघण्याजोगी वेळ झाली होती."

दोघांनी ताईला सांगायची परवानगी दिली, फुलवालीनं तर स्वतःच सांगितलं. मला वाटलं होतं ताई खूश होईल. शेवटी कुणीतरी खरं बोललं होतं. पण ताई म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मी या लोकांची काळजी घेतेय असं मला वाटतंय, आणि ते माझी घेतायत."

उद्या घरमालकाला कळवते म्हणाली. मी हातापाया पडून तिला महिनाअखेरपर्यंत थांबवलं. मदत करायला गेले आणि पार वाट लावून बसले. जुन्या कंपनीत असते तर आकडे जरा घासूनपुसून लख्ख केले असते. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण फुलवाली मांडीखाली हात घालून बसलेली आठवली आणि नाही केलं.

मंगळवार, ५ मार्च

भावोजींनी शेजारच्या दुकानातून रंगांचं कार्ड आणलं. जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पांढऱ्यातच अठरा प्रकार आहेत. कुठला म्हणालीस?" मी एकावर बोट ठेवलं. नाव होतं "सकाळचं दूध". ते म्हणाले, निवड चांगली आहे, डाग मात्र लगेच दिसतील. ताई ताटातलं चिवडत बसली होती. मी आणखी दोन विनोद केले. चांगले होते, पण आज गिऱ्हाईक नव्हतं.

शुक्रवार, ८ मार्च

आज पाणी कुठं मुरतंय ते कळलं. केंद्रात कुंडीतलं पाणी उपसता उपसता मी ताईला म्हटलं, अगं, दोघांनी थोडं दडवलं म्हणून एवढं काय? ती म्हणाली, दोघांचं काही नाही.

"एकजण आहे. इतके महिने झाले, मला तिच्याकडून एक खरा शब्द काढता आलेला नाही. रोज वाटतं आज बोलेल. मला तेवढंही जमत नसेल तर मी इथं दार लावून लोकांपुढे कशाला बसते?"

ती कोण हे मी तत्काळ ओळखलं. ताईची एक जुनी क्लायंट, दातांची डॉक्टर. ऑगस्टमध्ये मध्येच यायची बंद झाली, ना निरोप ना फोन. तेव्हापासूनच ताईचा चेहरा पडलेला आहे, हे माझ्या नीट लक्षात आहे, कारण त्याच सुमारास मी राहायला आले.

आणि संशोधनाच्या दृष्टीनंही ही माझी घोडचूकच होती. जे येतात त्यांनाच विचारत बसले. साबण घेणाऱ्यालाच साबण आवडला का विचारायचं, आणि ज्यानं सोडला त्याच्या घरी जायचंच नाही. ताईनं डॉक्टरला दोन ओळींचा निरोप पाठवून परवानगी विचारली. डॉक्टरचं उत्तर आलं: या, पण दोन पेशंटांच्या मध्ये.

गुरुवार, १४ मार्च

दवाखान्यात बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून डॉक्टरनं मला पेशंटच्याच खुर्चीत आडवं केलं. संशोधक उताणा आणि क्लायंट वर दिवा धरून उभा, असं कुठल्या पुस्तकात नसेल.

डॉक्टर सरळ बोलणारी आहे. म्हणाली, मी बरी झाले म्हणून यायची थांबले. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? ती ओशाळली. "कसं सांगणार? त्या इतक्या मन लावून ऐकायच्या. आता तुमची गरज नाही, असं तोंडावर म्हणायचं? एकदा ठरवून गेले होते. त्यांनी हसून दार उघडलं आणि मी आणखी महिनाभर जात राहिले."

मी विचारलं, बरं कशानं वाटलं? ती म्हणाली, वडील गेले तेव्हा सगळ्यांना माझं दुःख लगेच समजायचं. नातेवाईक, मैत्रिणी, शेजारी. मी तोंड उघडायच्या आत "समजू शकते गं" म्हणायच्या आणि विषय संपायचा. तुमची ताई एकटीच म्हणाली की मला नीट कळलं नाही, परत सांगा. मी परत सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून नाही कळलं. तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच कळलं.

हे सगळं मी आडवी पडून लिहून घेतलं. तेवढ्यात ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, तोंड उघडं असताना दुखतंय का विचारलं तर माणूस नाहीच म्हणतो, म्हणून मी पायांची बोटं बघते. तुमची मगासपासून आखडलेली आहेत. काही दुखतंय का?

मी म्हटलं, नाही हो, छान आहे. नवे सँडल आहेत.

मंगळवार, १९ मार्च

ताई गावाला गेली होती, आज आली. बॅग ठेवायच्या आत तिला डॉक्टरची हकीकत सांगितली, डॉक्टरनं सांगू दिली होती तेवढी सगळी. ताई आधी हसली, मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग पाणी थांबेना. "बरी झाली म्हणून पळाली," असं दोनतीनदा स्वतःशी म्हणाली. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, मग आता कराराची सही करायची ना?

ती डोळे पुसत म्हणाली, "मी तिच्याबद्दल बोलत नव्हते गं."

मग कोण, विचारलं तर म्हणाली, राहू दे. मी रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांची उजळणी केली. फुलवाली नव्हे, ती आता धो धो बोलते. बाकीच्या बायका दोन-तीनदाच येऊन गेलेल्या. मला तर कुणीच दिसेना. ताईला उगाच कोडी घालायची सवय आहे.

दुपारी खोल्या बघायला एक माणूस येऊन गेला. त्यानं टेप लावून आतली खोली मोजली आणि दाराचा स्पंज उचकटून बघितला. त्याला तिथे शिवणयंत्रं ठेवायची आहेत. मला त्याचा उगाचच राग आला.

शनिवार, २३ मार्च

माझ्या पुस्तकांची दोन खोकी आली. सकाळी घरून नवऱ्याचा फोन आला होता, कुठे पाठवू म्हणून. दोन मिनिटं बोललो. तो नेहमीसारखाच चांगलं बोलला.

खोकी दारात उतरली तेव्हा ताई आणि भावोजी दोघंही घरात होते. मी म्हटलं, रंगाऱ्यांनी पुस्तकं हलवायला सांगितली. भावोजींनी एकेक खोकं खांद्यावर घेऊन माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. घाम पुसत म्हणाले, "बरं केलंस. रंगाचे शिंतोडे उडाले तर जात नाहीत."

दिवसभर अहवाल लिहायचा होता. डोळे चुरचुरत होते म्हणून नाही लिहिला.

बुधवार, २७ मार्च

अहवाल दिला. थोडक्यात असा: लोक ताईला सांभाळून घेतात, कारण ती त्यांना हवी असते. त्यांना तिचे शहाणे प्रश्न आठवत नाहीत, तिला न समजलेल्या जागा आठवतात. ती गडबडली, चुकली, "परत सांगा" म्हणाली, तिथे त्यांना बोलायला जागा मिळाली. बटण ज्याचं त्याच्या हातात दिलं तेव्हाच ते खरं बोलले. आणि बरं झालेलं माणूस सांगून जाईलच असं नाही. हे सगळं मला खरंच वाटतं, आणि लिहिताना ताईचा फार अभिमान वाटला. तो अहवालात घालता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

ताईनं दोनदा वाचला. चांगला आहे म्हणाली, पाठीवरून हात फिरवला. आणि खुर्च्या एकात एक घालून रचायला लागली. मी म्हटलं, अगं, वाचलंस ना? सगळं तुझ्या बाजूनं आहे.

"वाचलं. यात एकजण नाही." मग खुर्च्यांकडे बघतच म्हणाली, "तूच लिहिलंयस ना, बटण ज्याचं त्याच्या हातात. मग ते मी ओढून कसं घेणार?"

माझंच वाक्य माझ्यावर उलटलं. तिची समजूत कशी घालावी ते मला कळत नाही. चार दिवसांनी खोल्या जाणार.

गुरुवार, २८ मार्च

ठरल्याप्रमाणे आज सगळी ध्वनिमुद्रणं पुसली. मुख्याध्यापक गेले, फुलवाली गेली, एकेक नाव बटण दाबून पुसत गेले. शेवटी "चाचणी" उरली. म्हटलं, बदकाचा आवाज एकदा पूर्ण ऐकू, मग पुसू.

मटारच्या शेंगा फुटल्याचे आवाज. मग ताईचा: "कशी आहेस तू?" आणि माझा: "मस्त. तो लाल दिवा लागलाय का बघ." पुन्हा शेंगा. मग ताई: "त्याचा फोन येतो का गं?" मी: "येतो की. भिंतींची खुशाली कळवतो." शेंगा. आणि मग ताई, इतक्या हळू की मी आवाज मोठा केला: "तुला हवं तितके दिवस इथे राहता येईल. ठाऊक आहे ना?" आणि मी, एका क्षणाचाही वेळ न दवडता: "हा मटार किडका निघालाय."

बटण माझ्या हातात होतं. तिन्ही ठिकाणी बोट आधी गेलं.

ती एकजण कोण ते मला आज कळलं. पंधरा वर्षं लोकांची उत्तरं वाचून पोट भरलेली बाई मी, आणि एवढं साधं उत्तर दीड महिना माझ्या खणात पडून होतं. मी मूर्ख आहे, आणि मला ताईची फार दया आली, आणि भीतीही वाटली. फीत पुसली नाही.

शनिवार, ३० मार्च

दुपारी जेवणं झाल्यावर रेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवला. ताई भांडी पुसत होती. मी म्हटलं, एक शेवटची मुलाखत राहिलीय, तू विचारणारी. ती पदराला हात पुसून समोर बसली. मी रेकॉर्डर आमच्या बरोबर मध्ये ठेवला. तिनं तो माझ्याकडे सरकवला.

फीत सुरू केली. "कशी आहेस तू?" आलं आणि गेलं. माझं बोट उचललंच नाही. फोनचं आलं, तेही गेलं. ताई खिडकीकडे बघत होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तिला ते किती जड जात असेल ते मला दिसत होतं. मग मटार किडका निघाला आणि मी थांबवलं.

ताईनं नियमाप्रमाणे विचारलं, "इथे मनात काय आलं होतं?"

"रंगकाम नाहीये, ताई. रंगारी आलेच नाहीत कधी."

मग मी सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला की आपण बरीच वर्षं सुखी नाही, आणि आता त्याला एकट्यानं राहायचंय. भांडण नाही, दुसरी कुणी नाही. मी दर रविवारी त्याला विचारायचे, सगळं ठीक ना आपलं? तो म्हणायचा, छान. आणि मी ते खरं धरायचे. विचारण्याचाच पगार घेणारी मी, मला माझ्याच घरात कळलं नाही. हे कुणाला कसं सांगायचं, आणि तेही तुला, जी एका तासात अनोळखी माणसाचं ओळखते? नऊ वर्षं त्यानं मला पाचपैकी पाच दिले, ताई.

शेवटचं वाक्य नीट बाहेर आलं नाही, कारण तोवर मी रडत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. भावोजींनी घेतला आणि दारात येऊन सांगितलं की घरमालक आहे, किल्ल्या कधी देताय विचारतोय. मग माझ्याकडे बघून ते तिथेच उभे राहिले.

"त्यांना म्हणावं खोल्या राहू देत, उद्या सही करायला येते," ताई म्हणाली. "आत्ता माझी बहीण बोलतेय."

भावोजी दार ओढून घेऊन गेले. ताईनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मला नीट कळलं नाही," ती म्हणाली. "परत सांग."

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बराच वेळ लागला.